कीबोर्ड बिघडला? झाकण उघडण्याआधी हे वाचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दुकान थाटून बसलेला मेकॅनिक नाही. स्वतःचे आणि मित्रमंडळींचे वाजवायचे कीबोर्ड, मिक्सर, ॲम्प्लिफायर उघडता-जोडता जे हाताला लागलं ते इथे आहे. थोडं बिघडवूनही शिकलोय. तपासण्याचा माझा क्रम ठरलेला असतो: आधी वायर आणि अडॅप्टर, मग सेटिंग, आणि स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. माझ्याकडे ‘मेला’ म्हणून आलेले बरेच कीबोर्ड झाकण न उघडताच परत गेले आहेत.

कीबोर्ड चालूच होत नाही. कुठून सुरुवात करू?

बॅटरीची सोय असेल तर नवे सेल घालून बघा. सेलवर चालला, तर आतला बोर्ड ठणठणीत आहे. दोष अडॅप्टरचा किंवा पिन जाते त्या सॉकेटचा. अडॅप्टरचं टोक मल्टिमीटरने मोजा. काहीच व्होल्ट येत नसतील तर बहुतेक वेळा वायर प्लगच्या तोंडाशी, जिथे रोज वाकते तिथे, आतून तुटलेली असते.

व्होल्टेज बरोबर येतंय, तर पिन सॉकेटमध्ये घालून हलकेच वर-खाली हलवा. दिवा लुकलुकला की समजा सॉकेटचा डाग, म्हणजे बोर्डावरचा सोल्डरचा सांधा, सुटलाय. वर्षानुवर्षं पिन ओढून-ओढून सोल्डरभोवती केसासारखी गोल भेग पडते, नुसत्या डोळ्यांना ती जेमतेम दिसते. जुनं सोल्डर काढून नवा डाग दिला की काम झालं.

दुसरा कुठला अडॅप्टर लावला तर चालेल?

तीन गोष्टी जुळल्या तर चालेल. व्होल्ट तेवढेच हवेत. मिलिॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत. आणि पिनच्या आत पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, हे जुळलं पाहिजे. या तिसऱ्या गोष्टीकडे कुणी बघत नाही आणि तिथेच घात होतो.

कॅसिओचा जुना एडी-५ अडॅप्टर ९ व्होल्टचा, आत निगेटिव्ह. त्यांचाच नंतरचा एडी-ई९५१०० साडेनऊ व्होल्टचा, आत पॉझिटिव्ह. यामाहाच्या छोट्या कीबोर्डांचा पीए-१३० हा १२ व्होल्टचा, तोही आत पॉझिटिव्ह. गिटारच्या इफेक्ट पेडलचे ९ व्होल्टवाले अडॅप्टर बहुतेक आत निगेटिव्ह असतात. त्यामुळे ‘पिन बसते ना, मग झालं’ हा हिशेब चालत नाही. सॉकेटशेजारी ठिपका, अर्धं वर्तुळ आणि अधिक-उणेची खूण असलेलं चित्र छापलेलं असतं. अडॅप्टरवरही तेच असतं. दोन्ही चित्रं सारखी दिसली पाहिजेत.

उलटा अडॅप्टर लागला आणि आता सगळं शांत आहे. संपलं का?

बहुधा नाही. बऱ्याच कीबोर्डांत सॉकेटच्या लगेच मागे संरक्षणासाठी एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि फ्यूज असतो. उलटा प्रवाह आला की डायोड स्वतः शॉर्ट होतो, फ्यूज उडतो आणि पुढचा बोर्ड वाचतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. घाईत पेडलचा अडॅप्टर कीबोर्डला लावला, ‘टक्’ झालं आणि करपल्याचा बारीक वास आला. दोन दिवस तोंड पाडून बसलो. मग उघडून मोजलं तर डायोड दोन्ही दिशांनी आरपार दाखवत होता. तो आणि फ्यूज बदलला आणि कीबोर्ड उठला. डायोड नुसता काढून टाकला तरी कीबोर्ड चालतो, पण पुढच्या चुकीला वाचवायला मग कुणी उरत नाही.

कीबोर्डचे स्पीकर बंद, पण हेडफोन लावला की आवाज येतो. स्पीकर गेले?

नाही. हेडफोनच्या जॅकमध्ये एक पातळ पत्रा असतो. प्लग आत गेला की तो उचलला जातो आणि स्पीकरची जोडणी तुटते. प्लग काढला की तो परत टेकायला हवा. टेकत नाही, म्हणून कीबोर्डला वाटतं हेडफोन लागलेलाच आहे. कीबोर्ड बंद करून प्लग वीस-तीस वेळा आत-बाहेर करा. पत्र्यावरची काजळी घासली जाते आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. टॉर्च मारून आतही बघा: कधी तुटलेल्या प्लगचं टोक आत अडकून बसलेलं असतं.

डेमो गाणं वाजतं, पट्ट्या मात्र वाजत नाहीत.

‘लोकल’ बंद झालंय. मिडी म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटरने एकमेकांना सुरांचे संदेश पाठवण्याची पद्धत; तिच्या मेनूमध्ये ‘लोकल कंट्रोल’ नावाचं सेटिंग असतं. ते बंद असलं की पट्ट्या फक्त मिडी केबलवरून संदेश पाठवतात, स्वतःच्या आवाजाला हात लावत नाहीत. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करताना कुणीतरी ते बंद केलेलं असतं आणि विसरलेलं असतं. चालू करा.

पांढरी एक दाबली तर काळी एकचा सूर येतो.

ट्रान्सपोज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वर-खाली सरकवणारं सेटिंग, एकने वर आहे. शून्यावर आणा. फरक अर्ध्या सुराहूनही कमी वाटत असेल तर ‘ट्यूनिंग’ ४४० हर्ट्झवर आहे का ते पाहा.

काय बदललंय हेच कळत नसेल तर फॅक्टरी रीसेट करा. यामाहाच्या बऱ्याच पीएसआर मॉडेल्समध्ये सर्वांत वरची पांढरी पट्टी दाबून धरून कीबोर्ड चालू करायचा. पण तुम्ही साठवलेले रजिस्ट्रेशन (आवाज-तालाची जुळवून ठेवलेली सेटिंग) आणि रेकॉर्डिंग त्यात पुसलं जातं, म्हणून आधी कॉपी काढा.

एखाद-दुसरी पट्टी मुकी झालीय, किंवा हळू दाबली तरी दणकन वाजते.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पट्टीच्या खाली रबराची लांब पट्टी असते आणि तिच्यावर ओळीने छोटे घुमट. प्रत्येक घुमटाच्या पोटात कार्बनच्या दोन काळ्या टिकल्या, एक किंचित वर, एक किंचित खाली. पट्टी दाबली की आधी एक टिकली बोर्डाला टेकते, मग दुसरी. या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला हे मोजून कीबोर्ड ठरवतो की तुम्ही हळू दाबलं की जोरात. आता एका टिकलीखाली धुळीचा कण किंवा तेलकट थर बसला, की हे गणित बिघडतं. मॉडेलप्रमाणे पट्टी एकतर गप्प बसते, नाहीतर प्रत्येक वेळी पूर्ण जोरात वाजते. सुटा भाग काहीच लागत नाही. साफसफाई लागते.

अडॅप्टर आणि सेल काढा. कीबोर्ड मऊ चादरीवर उलटा ठेवा. स्क्रू काढताना एका पुठ्ठ्यावर कीबोर्डची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. हा खटाटोप वाटतो, पण लांब स्क्रू आखूड भोकात गेला की तो बोर्डातून किंवा पुढच्या पॅनेलमधून आरपार निघतो. पट्ट्यांचा सांगाडा सुटला की खालचा बोर्ड काढा. रबर बोर्डाच्या भोकांतून घुसवलेल्या बारीक शेपट्यांवर बसलेलं असतं. ते ओढू नका, शेपूट तुटेल. बोटाने मागून ढकलत एकेक सोडवा.

कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करा, निथळती नको. बोर्डावरच्या काळ्या खुणांवरून एकाच दिशेने हलका हात फिरवा. कापूस करडा झाला तर मळ निघतोय. कोळशासारखा काळा झाला तर थांबा, आता तुम्ही कार्बनच घासून काढताय. रबराच्या टिकल्यांना नुसता कोरडा, धागे न सुटणारा कपडा पुरतो. दहा मिनिटं वाळू द्या. परत बसवताना शेपट्या बोथट काडीने पूर्ण आत ढकला. रबराच्या कडेला हवा जायला बारीक चर असतात, ते दुमडले तर पट्टी दाबल्यावर सावकाश वर येते आणि तुम्ही उगाच स्प्रिंगला दोष देत बसता.

सँडपेपर आणि पेन्सिलीचं शिसं, दोन्ही उपाय ऐकले असतील. पहिल्याने बोर्ड कायमचा जातो. दुसरा चार दिवस चालतो, मग तीच पूड शेजारच्या पट्टीत जाते.

एखादी-दुसरी नाही, दर आठवी पट्टी बंद आहे.

मग धूळ नाही. ६१ पट्ट्यांना ६१ वेगळ्या तारा नसतात. आठ आडव्या, आठ उभ्या अशा जाळीत त्या गुंफलेल्या असतात. त्यातली एक ओळ तुटली की ठरावीक अंतराच्या पट्ट्या किंवा सलग सहा-आठ पट्ट्यांचा गट मुका होतो. चपटी रिबन केबल काढून पुन्हा नीट बसवा. काही कनेक्टरना छोटी खिट्टी असते, ती आधी उचलायची. तशीच ओढलीत तर केबलचं टोक सोलून हातात येतं. केबल ठीक असेल तर बोर्डावरचा तडा शोधा. कीबोर्ड कधी पडला होता का, हा प्रश्न इथे विचारायचा.

पट्टी तुटली तर मिळते का?

बऱ्याच मॉडेल्सच्या मिळतात, पण मॉडेल नंबर आणि कुठला सूर हे दोन्ही लागतं. प्रत्येक पांढऱ्या पट्टीचा काप वेगळा असतो आणि सर्वांत वरची पांढरी एक तर सरळ चौकोनी असते.

जाता जाता: रोलँडच्या एक्सपी-८० सारख्या १९९० च्या दशकातल्या काही मॉडेल्समध्ये पट्ट्यांची वजनं लाल गोंदाने चिकटवली होती. तो गोंद वर्षांनी वितळून ओघळतो आणि खालच्या बोर्डावर पसरतो. जुना घेताना पट्ट्यांच्या फटीत लाल चिकट काही दिसलं तर विचार करून पैसे मोजा.

कीबोर्डवर पाणी सांडलं.

अडॅप्टर ओढा, सेल काढा, कीबोर्ड लगेच पट्ट्या खाली करून उलटा धरा. ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबू नका. ओल्या बोर्डात वीज सोडली की तांब्याचे धागे गंजायला लागतात. किमान दोन दिवस हवेत राहू द्या. हेअर ड्रायरचा गरम झोत नको, प्लास्टिक आणि रबर वाकतं. गोड पेय सांडलं असेल तर वाळवून भागत नाही, उघडून अल्कोहोलने पुसावंच लागतं, कारण साखर चिकट थर सोडून जाते.

सेलच्या खणात पांढरा भुगा आलाय.

अल्कलाइन सेल फुटलाय. तो भुगा अल्क असतो, म्हणून व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेल्या काडीने पुसा, फसफस थांबली की अल्कोहोलने स्वच्छ करा. हातमोजे घाला. स्प्रिंग हिरवी-काळी झाली असेल तर बदला.

जुन्या सिंथेसायझरमध्ये हा प्रकार जास्त महागात पडतो. १९८१ मध्ये आलेल्या कॉर्ग पॉलिसिक्समध्ये बोर्डावरच निकेल-कॅडमियमची बॅटरी बसवलेली होती. ती गळून बोर्डावरच्या आजूबाजूच्या तांब्याच्या ट्रॅकचा चट्टामट्टा करते.

बंद करून चालू केला की माझे साठवलेले आवाज गायब!

आतला बटण-सेल संपला. यामाहा डीएक्स-७ (१९८३) आणि कॉर्ग एम-१ (१९८८) यांच्यासारख्या यंत्रांत तुमचे आवाज ३ व्होल्टच्या छोट्या लिथियम सेलवर जिवंत राहतात. सेल काढताच ते पुसले जातात, म्हणून आधी मिडीवरून ‘सिसेक्स’ डंप, म्हणजे साठवलेल्या आवाजांची प्रत, कॉम्प्युटरवर उतरवा. डीएक्स-७ मध्ये सेल थेट बोर्डाला डाग देऊन बसवलेला असतो. तिथे सोपा होल्डर लावून घ्या, पुढच्या वेळी सोल्डरिंग लागणार नाही.

स्पीकरमधून सतत ‘घूंऽऽ’ येतो.

आधी कान लावा. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे हा हम जवळजवळ पांढरी पाचच्या सुरात असतो, आणि तोही ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डच्या सर्वांत खालच्या पट्टीहून खाली. गंमत म्हणजे त्या सुरात गाणं असेल तर तासभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग एकेक वायर काढत जा. सगळ्या इनपुट वायरी काढून, आवाज शून्यावर आणूनही हम राहिला, तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत आहे. बहुधा पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वाळलेत. अशा वेळी सूर एक सप्तक वर, १०० हर्ट्झचा असतो, आणि थोडा करकरीत. कुठलीतरी एक वायर काढल्यावर थांबला आणि ती वायर धडधाकट निघाली, तर तो ग्राउंड लूप. कीबोर्ड एका भिंतीच्या प्लगवर, मिक्सर दुसऱ्या, आणि दोघांचं अर्थिंग केबलच्या जाळीतून पुन्हा जोडलेलं. सगळं सामान एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून बघा. निम्मे किस्से तिथेच संपतात. तरी राहिलाच तर कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल जोडणारी छोटी डबी) घाला, त्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं.

प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. हम जातो खरा. पण एखाद्या दिवशी ॲम्प्लिफायरमध्ये फेज बॉडीला टेकला, की तो वाजवणाऱ्याच्या हातातून किंवा गाणाऱ्याच्या ओठातून जमिनीत जातो. हे करू नका.

व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखरतो.

आतल्या कार्बनच्या पट्टीवर मळ आहे. यंत्र बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा अर्धा फवारा नॉबच्या दांड्याशेजारच्या फटीत मारा, तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. साधं डब्ल्यूडी-४० मारू नका. ते दोन दिवस छान वाटतं, मग त्याच्या तेलावर धूळ बसते. मिक्सरच्या सरकपट्ट्यांना वंगण असलेला, फेडरसाठीचाच क्लीनर हवा. साध्याने त्या कोरड्या ठणठणीत होऊन अडखळतात.

सूर आपोआप वर-खाली तरंगत असेल तर पिच बेंडच्या (सूर वाकवण्याच्या) चाकाखालीही नॉबखाली असतो तसाच कार्बनपट्टीचा पोटेन्शिओमीटर असतो. उपाय तोच.

सस्टेन पेडल उलटं चालतं: सोडलं की सूर लांबतो.

कीबोर्ड चालू करताना पेडलवर पाय होता. पेडल दोन प्रकारची असतात, दाबल्यावर जोडणारी आणि दाबल्यावर तोडणारी. बरेच कीबोर्ड चालू होतानाच ‘आत्ता जसं आहे ते सोडलेलं’ असं धरून चालतात. पाय काढा, बंद करून चालू करा.

ब्लूटूथ हेडफोनवर बोट आणि आवाज जुळत नाहीत.

जुळणारही नाहीत. ब्लूटूथमध्ये आवाज बांधून, पाठवून, सोडवायला सहज दीड-दोनशे मिलिसेकंद जातात. गाणं ऐकायला ठीक, वाजवायला नाही. वायरचा हेडफोन घ्या.

कॉम्प्युटरवरून वाजवताना उशीर होत असेल तर तो बफरचा, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे साठवून मग वाजवतो त्याचा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या वेगाला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. वाजवताना लहान ठेवा, मिक्सिंगला मोठा. विंडोजवर आसिओ (आवाजाचा उशीर कमी करणारा) ड्रायव्हर वापरा.

यूएसबी लावली तरी कॉम्प्युटर कीबोर्ड ओळखत नाही.

केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. नंतर ड्रायव्हर.

स्पीकर फुल आवाजात फाटल्यासारखा वाजतो.

दोन्ही हातांची बोटं पडद्यावर समान टेकवून हळू आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय, स्पीकर बदला. पडदा ठीक पण कडेचा फोम भुगा होऊन गळतोय, तर फोमची नवी कड चिकटवता येते. मोठ्या, चांगल्या स्पीकरला ती मेहनत सार्थकी लागते. बसवताना अधिक-उणे चुकू नये म्हणून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: सेलचं अधिक स्पीकरच्या अधिकला असेल तर पडदा बाहेर उडी मारतो. दोन स्पीकरपैकी एक उलटा जोडला गेला तर आवाज येतो, पण बेस कुठे पळाला ते कळत नाही.

मी स्वतः काय उघडावं आणि काय नाही?

अडॅप्टर बाहेर असलेला कीबोर्ड बिनधास्त उघडा, आत पंधरा-वीस व्होल्टच्या वर सहसा काही नसतं. ज्या यंत्रात भिंतीची वायर थेट आत जाते, ते वेगळं प्रकरण. २३० व्होल्टच्या विजेवरच्या स्विच मोड सप्लायमधला मोठा कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहतो. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरमध्ये आकडा याहून मोठा असू शकतो. मोजायचं कसं आणि कपॅसिटर रिकामा करायचा कसा हे कुणाकडून तरी समोर बसून शिकल्याशिवाय हात घालू नका.

जुना कीबोर्ड घ्यायला गेल्यावर काय बघू?

एकेक पट्टी, एकदा हळू, एकदा जोरात, पियानोच्या आवाजात. सगळी वाजवा, लाज वाटू देऊ नका. प्रत्येक नॉब, प्रत्येक बटण. सेलचा खण. हेडफोन लावून काढा. अर्धा तास चालू ठेवा, कारण काही दोष गरम झाल्यावरच तोंड दाखवतात. विकणारा त्या अर्ध्या तासात फार घाई करत असेल तर तेही एक निदान आहे.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

सॉकेट, जॅक, रबर, नॉब, स्पीकर, सेल: डोळे झाकून दुरुस्त करा. मुख्य बोर्डावरची कंपनीची स्वतःची चिप गेली असेल तर ती बाजारात मिळत नाही; तसाच दुसरा मोडका कीबोर्ड सापडला तरच. म्हणून मी एक जुनं धूड सुट्या भागांसाठी माळ्यावर ठेवलंय, त्यातले दोन जॅक आणि अकरा पट्ट्या आतापर्यंत कामी आल्यात.

महिनाभर वापरणार नाही. कसा ठेवू?

सेल काढून. कपड्याने झाकून, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आत ओल धरते. आणि आडवा. भिंतीला उभा टेकवलेला कीबोर्ड पडतोच, आणि पडताना तो बरोबर सॉकेटच्या बाजूने पडतो.